मांजराला शेल्टर नको, मुदत हवी

‘आमची बदली झालीय. दोन वर्षांची माऊ आहे, खूप गोड आहे, चावत नाही. रविवारपर्यंत कोणी घेऊन जाईल का? नाहीतर एखाद्या शेल्टरचा नंबर द्या.’

असा मेसेज मोबाइलवर वर्षभर फिरत असतो. मे-जूनमध्ये जास्त, कारण बदल्या, शाळांचे प्रवेश आणि भाड्याच्या घरांचे अकरा महिन्यांचे करार या दिवसांत एकदम अंगावर येतात. मांजराचं नाव बदलतं, शहर बदलतं, कारण बदलतं. ‘रविवारपर्यंत’ मात्र बदलत नाही. मला यातली खरी अडचण या एका शब्दात दिसते. बदली काही शनिवारी संध्याकाळी कळत नाही. घर सोडायचं हे महिना-दोन महिने आधी माहीत असतं. पॅकर्स-मूव्हर्स ठरतात, गॅसचं कनेक्शन बदलतं, मुलांचे दाखले काढून होतात, आणि उरलेल्या यादीत सगळ्यात शेवटी मांजर येतं.

मेसेजखाली दोन प्रकारची उत्तरं येतात. एक शिव्यांची: ‘पाळता येत नाही तर आणलं कशाला?’ दुसरी नंबरांची. हे नंबर वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलेले असतात. निम्मे लागत नाहीत, उरलेल्यांपैकी कोणी उचललाच तर पलीकडचा माणूस दमलेल्या आवाजात सांगतो, ‘जागा नाही हो, सध्या फक्त अॅक्सिडेंटच्या केसेस घेतोय.’ मग लोक वैतागून म्हणतात, एवढं मोठं शहर आणि मांजरासाठी एक धड शेल्टर नाही! महापालिका करते काय?

महापालिकेने करण्यासारखं पुष्कळ आहे, त्याकडे येतेच. पण मांजरांचं मोठं शेल्टर बांधणं त्यात बसत नाही असं माझं मत आहे, आणि ते पैसे वाचवण्यासाठी नाही. नको झालेल्या मांजरासाठी शेल्टर ही बहुतेक वेळा सगळ्यात वाईट जागा असते. त्याला हवे असतात ते आहे त्याच घरातले आणखी दोन महिने.

जनावरांना आसरा देण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली होती. पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडला, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. १८७४ मध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत निघाली, १८८३ च्या सुमारास परळचं जनावरांचं हॉस्पिटल. या सगळ्यात कुत्रा आहे, बैल आहे, घोडा आहे, गाय तर आहेच. मांजरासाठी कोणी दंगल केल्याचं मला तरी ठाऊक नाही. कायद्यातही तेच. कुत्र्यांच्या नसबंदीचे केंद्राचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. कुत्रा चावतो, रेबीजने माणसं मरतात, पेपरात बातम्या येतात, म्हणून यंत्रणा हलते. मांजरही चावतं, ओरबाडतं, त्यावरही इंजेक्शनं घ्यावीच लागतात, पण त्याचा उपद्रव कोणाच्या निवडणुकीचा मुद्दा होत नाही. त्यामुळे मांजर आजवर सरकारच्या नजरेआडच राहिलं.

आता समजा, उद्या एखाद्या महापालिकेने उत्साहाने पाचशे मांजरांचं शेल्टर काढलं. आत काय होईल?

पहिल्या पावसाळ्यात कोणीतरी खोक्यात घालून चार पिल्लं आणून देईल. त्यातल्या एकाच्या पोटात पॅनल्युकोपेनियाचा विषाणू असेल. मांजर पाळणाऱ्यांना हा आजार बरोबर माहीत असतो: पिल्लू संध्याकाळपर्यंत खेळत असतं, रात्री पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, पिवळी उलटी, जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत संपतं. लस न घेतलेल्या लहान पिल्लांत यातून फार थोडी वाचतात. हा विषाणू जमिनीवर, पिंजऱ्याच्या गजांवर, माणसाच्या कपड्यांवर महिनोन् महिने टिकतो, वर्षभरसुद्धा. नेहमीच्या फिनेलला तो दाद देत नाही. ब्लीचचं पाणी योग्य प्रमाणात करून, योग्य वेळ ठेवून पुसावं लागतं. नवं मांजर आलं की त्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाच्या हाताखाली ठेवावं लागतं. आपल्याकडे माणसांच्या सरकारी दवाखान्यात जे जमत नाही, ते मांजरांच्या शेल्टरमध्ये कंत्राटी कामगारांकडून रोज होईल, यावर ज्याचा विश्वास असेल त्याने जरूर शेल्टर मागावं.

बरं, लस घेतलेलं, मोठं, धडधाकट मांजर असलं तरी दुसरी भानगड आहेच. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. कुत्र्याला मालक मिळाला की तो बहुधा नव्या गावात रमतो. मांजराचं जग म्हणजे ठरलेली खिडकी, फ्रिजचा माथा, विशिष्ट बाजूने येणारं ऊन आणि स्वतःच्या गालांनी घासून ठेवलेले कोपरे. ते सगळं एका दिवसात काढून घेतलं आणि चाळीस अनोळखी मांजरांच्या वासात, कुत्र्यांच्या भुंकण्यात त्याला ठेवलं, की ते ट्रेच्या मागे तोंड भिंतीकडे करून बसतं. खात नाही. मांजराने, त्यातही लठ्ठ मांजराने, सलग दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि उपाशी राहणं हाच एक जीवघेणा आजार होऊन बसतो. ताणाने जुनी सर्दी उसळते, डोळे चिकटतात, नाक बंद होतं. नाक बंद म्हणजे वास नाही, वास नाही म्हणजे भूक नाही. आणि असं कोपऱ्यात दडलेलं, चिकट डोळ्यांचं मांजर बघून घेऊन जाणारा गिऱ्हाईक मिळत नाही. जे मांजर घरात सोफ्यावर पोट वर करून लोळत होतं, ते इथे ‘रागीट’ ठरतं.

मोठ्या संख्येचं काय होतं हे पुण्याने पाहिलंय. २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका सोसायटीतल्या एकाच फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं असल्याची बातमी आली. वासाने आणि आवाजाने शेजारी हैराण झाले होते, महापालिकेने मांजरं हलवण्याची नोटीस दिली. त्या घराबद्दल सोशल मीडियावर चेष्टा झाली, संताप झाला. मला त्यात वेगळंच दिसलं. तीनशे मांजरं हवेतून येत नाहीत. काही घरातच जन्मली असतील, पण ज्या घराचं नाव एकदा ‘मांजरवाले’ म्हणून झालं, त्याच्या दारात लोक रात्री खोकी ठेवून जातात हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे एका परीने ते परिसराने चालवलेलं, फी न देता चालवलेलं शेल्टरच असतं. मग नोटीस कोणा एकालाच का जाते?

आपल्याकडे मांजर मारत नाहीत. मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान करावं लागतं, असं आज्या सांगत आल्यात. भीती चांगली होती, पण तिने एक पळवाटही काढून दिली: मारणं पाप, सोडून देणं चालतं. म्हणून पोत्यात घालून नदीपलीकडे. म्हणून स्कूटरच्या पायाजवळ खोकं ठेवून मासळी बाजार, ‘तिथे आयतं खायला मिळतं’. म्हणून ‘गावाला कौलारू घर आहे, तिकडे सोडू’. मासळी बाजारातल्या मांजरांचा आपापला इलाखा वाटलेला असतो. फ्लॅटमध्ये वाढलेलं, उकडलेलं चिकन हाताने भरवून घेणारं मांजर तिथे पहिल्या रात्री टेम्पोखाली दडतं आणि बर्‍याचदा तिथेच राहतं. माशाचं डोकं मिळवायलाही तिथल्या बोक्यांशी भांडावं लागतं आणि ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

कायदा याला गुन्हाच मानतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या अकराव्या कलमात, वाजवी कारणाशिवाय प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं, हा गुन्हा स्पष्ट लिहिलेला आहे. शिक्षा? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होतं. आज तेवढ्यात मांजराच्या खाण्याचं एक बरं पाकीट येत नाही. दंड वाढवावा हे खरंच, पण रात्री अकरा वाजता खोकं ठेवून जाणाऱ्याला पकडणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याइतकंच ते सोपं आहे.

म्हणून शिव्या देणारा वर्ग मला पटत नाही. रागाचं कारण समजतं. दिवसभर नोकरी करून रात्री पिल्लांना ड्रॉपरने दूध पाजणाऱ्या मुली मी पाहते, त्यांच्या तोंडून ‘पाळायचं कशाला मग’ निघणारच. पण जो माणूस उघडपणे, स्वतःच्या नावाने, ‘मला हे ठेवणं जमत नाही’ म्हणतोय, तो निदान रात्री खोकं घेऊन निघालेला नाही. त्याला चारचौघांत सोलून काढलं की तो ग्रुप सोडतो. मांजराचं काय झालं, पुन्हा कळत नाही. अशा माणसाला एकच प्रश्न विचारायला हवा: किती दिवस ठेवू शकता? आणि उत्तर ‘रविवारपर्यंत’ आलं, तर तिथे मात्र सोडायचं नाही.

दोन महिने हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मोठ्या मांजराला घर मिळायला बहुतेकदा काही आठवडे लागतातच. लस नसेल तर एक डोस आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरा, यातच महिना जातो. नसबंदी, टाके, टाके सुकणं. या वेळात आणखी एक गंमत होते, ती म्हणजे पुष्कळ कारणं विरघळतात.

‘बोका सगळीकडे मुततो, घरात वास येतो.’ बहुतेक बोक्यांचं हे नसबंदीनंतर थांबतं किंवा फारच कमी होतं. शिकलेली, मोठ्या पगाराची माणसंसुद्धा हे न करता बोका द्यायला निघालेली असतात, आणि वर ‘त्याच्या निसर्गाविरुद्ध कसं जायचं’ म्हणतात. नसबंदी झालेलं मांजर अचानक गादीवर मुतायला लागलं असेल, तर ते सूड घेत नसतं. त्याला मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीये, तर ते त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं प्रकरण आहे, नाहीतर तो मरतो.

‘घरात बाळ येणार आहे.’ हे कारण ऐकलं की माझा सूर चढतो, कारण यात बहुधा घरातल्या मोठ्यांनी आणि कधीकधी डॉक्टरांनीही घाबरवलेलं असतं. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी खरा आहे, गर्भाला त्याचा धोकाही खरा आहे. पण मांजर तो विष्ठेतून सोडतं ते साधारणपणे आयुष्यात एकदा, पहिला संसर्ग झाल्यावर, एक ते तीन आठवडे. विष्ठेतली अंडी बाहेर पडल्यावर लगेच लागण करत नाहीत, त्यांना पिकायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ केला, आणि तो नवऱ्याने केला, की घरातल्या मांजराकडून येणारा धोका जवळपास संपला. अर्धं कच्चं मटण आणि न धुतलेली कोथिंबीर यांची काळजी जास्त करावी. सात महिन्यांच्या पोटुशी बाईला पालेभाजी निवडायला बसवून मांजर तेवढं बाहेर काढणारी घरं आहेत.

उरतात ती खरी कारणं. दमा, परदेशी जाणं, घटस्फोट, घरमालक, पैशाची ओढाताण. आणि एक कारण आजकाल फार वाढलंय: मांजराचा माणूसच जाणं. पुण्यात, डोंबिवलीत, नाशकात एकटे राहणारे आजी-आजोबा मांजर ठेवतात. मुलं न्यू जर्सीत किंवा बंगळुरात. आजी गेल्या की मुलं पंधरा दिवसांच्या रजेवर येतात, दिवस-कार्य उरकतं, बँकेची कामं होतात, फ्लॅटची किल्ली एजंटकडे जाते. मांजर या सगळ्यात आजींच्या कॉटखाली असतं. मुलगा भला असतो, ‘जे काही डोनेशन असेल ते देतो, पण शुक्रवारी माझी फ्लाइट आहे’ असं कळवळून सांगतो. अशा मांजराला शेल्टर म्हणजे आठवड्याभरात दुसरा धक्का. त्यापेक्षा शेजारच्या काकूंना किंवा आजींच्या कामवाल्या मावशींना, ज्यांना ते मांजर ओळखतं, दोन-तीन महिन्यांचा खर्च आणि वर रीतसर मेहनताना देऊन ते त्याच इमारतीत ठेवणं कितीतरी शहाणपणाचं. डोनेशनचे पैसे तिथे वापरावेत. ज्येष्ठांनीही दागिन्यांच्या वाटणीबरोबर मांजराचं कोण बघणार हे जिवंतपणी बोलून ठेवायला हरकत नाही. अभद्र काही नाही त्यात.

घर शोधायचं काम मूळ पालकानेच करायचं, ते दुसऱ्यावर ढकलायचं नाही. त्याच्याइतकं मांजर कोणाला माहीत नसतं. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, मांजराच्या उंचीवर बसून काढायचा. वर्णन खरं लिहायचं: पाहुणे आले की लपते, पहाटे चारला ओरडते, कुत्र्याला घाबरते. खोटं लिहून दिलेलं मांजर आठवड्यात परत येतं, किंवा परत येतच नाही, जे जास्त वाईट. फोनवर संकोच न करता विचारायचं, ‘ताई, तुमच्याकडे मांस-मच्छी चालते का?’ महाराष्ट्रात या प्रश्नावर अर्धी स्थळं गळतात, गळू द्यावीत. दूध-पोळीवर मांजर जगतं ही समजूत आहे. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं, पोळीत नसतं, आणि त्याच्या अभावी मांजर आंधळं होऊ शकतं, हृदय निकामी होऊ शकतं. तयार खाणं वाटीत घालायला घर तयार असेल तर शाकाहारी कुटुंबातही मांजर छान राहतं, हेही सांगावं. सातव्या मजल्यावर खिडक्यांना जाळी नसेल तर आधी जाळी, मग मांजर. फुकट देतोय म्हणून चौकशी करायची नाही, असं नसतं. मुलीचं स्थळ बघताना करतो तेवढी नको, पण घर डोळ्यांनी पाहून यायला काय हरकत आहे?

पिल्लं असतील तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नयेत, आणि जमलं तर जोडीने द्यावीत. नव्या घरात पहिले आठ-दहा दिवस एकाच खोलीत ठेवायचं, त्याच्या जुन्या, न धुतलेल्या चादरीसकट. नव्या मालकाचा तिसऱ्या दिवशी फोन येतोच, ‘पलंगाखालून बाहेरच येत नाही हो’. तेव्हा उचलायला फोन चालू ठेवावा. काळ्या मांजराला घर मिळायला जास्त वेळ लागतो. का, ते वेगळं सांगायला नको.

मग महापालिकेने काय करावं? भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपल्या हवामानात थंडीची मोठी सुट्टीही तिला मिळत नाही. या वेगापुढे कुठलंही शेल्टर वर्षभरात भरतं. मुंबई आणि पुण्यात महापालिकांनी मांजरांची नसबंदी हाती घेतली आहे, पण सामान्य माणसाला ती कुठे होते, कधी होते, मांजर पकडायला पिंजरा कोण देतं, हे शोधताना नाकी नऊ येतात. खासगी दवाखान्यात हीच शस्त्रक्रिया काही हजारांत जाते. कोपऱ्यावरच्या पाच मांजरांना रोज भात-मासळी घालणाऱ्या वडापाववाल्याने ते कुठून आणायचे? प्रभागात महिन्यातून एक ठरलेला वार, चार पिंजरे अनामत घेऊन वापरायला, शस्त्रक्रियेनंतर कानाचं टोक कापून खूण, आणि मांजर होतं त्याच गल्लीत परत. पाचशे मांजरांच्या इमारतीला लागणाऱ्या पैशात हे बरीच वर्षं चालेल.

पुण्यात २०२२ पासून पाळीव मांजरांनाही परवाना लागतो. या परवान्याकडे लोक नवा कर म्हणून बघतात. त्याच्याबरोबर नसबंदीत सवलत आणि हरवलेलं मांजर कोणाला सापडल्यास मालक कळेल अशी चिप दिली असती, तर रांग लागली असती. सिंगापूरमध्ये सरकारी वसाहतींत मांजर पाळायला अनेक दशकं बंदी होती. २०२४ च्या सप्टेंबरपासून घरटी दोन मांजरांना परवानगी मिळाली, परवाना आणि चिप यांच्या अटीवर. बंदी होती तेव्हाही लोक मांजरं पाळतच होते, लपवून. आपल्या सोसायट्यांच्या कमिट्यांनी ठराव करून मांजरांना बंदी घालण्याआधी, तसा ठराव करायचा अधिकार आपल्याला आहे का, हे एकदा तपासावं.

आणि विक्री. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. मांजरांच्या पैदाशीसाठी तसे स्वतंत्र नियम नाहीत. त्यामुळे कुठल्याशा वन-रूम-किचनमध्ये पर्शियन मांजरीची वेतामागून वेतं काढून पिल्लं महिन्याभराची होताच आठ-दहा हजारांना विकता येतात. चपटं नाक, सतत वाहणारे डोळे, रोज विंचरावे लागणारे केस. वाढदिवसाला आणलेल्या त्या पिल्लाचं वर्षभरात नमद्यासारखं गठ्ठे झालेलं मांजर होतं, आणि ‘पर्शियन, फ्री अडॉप्शन’ असा मेसेज फिरायला लागतो. त्यावर मात्र तासाभरात वीस फोन येतात, आणि त्यातले काही पुन्हा पैदाशीवाल्यांचेच असतात. पर्शियन द्यायची असेल तर नसबंदी करूनच द्यावी, हे एवढ्याचसाठी.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांनाच दोन महिने थांबता येत नाही. बरोबर आहे. मारहाणीच्या घरातून एका रात्रीत निघालेली बाई आहे, आयसीयूत गेलेला एकटा माणूस आहे, घराबाहेर काढलेला भाडेकरू आहे. त्यांच्यासाठी जागा हवी, आणि ती तातडीने हवी. पण ती प्रत्येकी दोन-तीन मांजरांपुरती, लोकांच्या घरातली, खर्च भरून मिळणारी, महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाने तपासून यादीत घेतलेली असावी. अशी वीस-पंचवीस घरंसुद्धा एका शहराला पुष्कळ दिवस पुरतील, अट एवढीच की, ज्याची बदली दोन महिन्यांपूर्वीच ठरली होती त्याचं मांजर त्यात घ्यायचं नाही.